फ्लँजवरचा आकडा



आपल्या उपनगरांतच, पवईला लार्सन अँड टुब्रोच्या व विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात, प्रेशर व्हेसल आणि हीट एक्स्चेंजर बनत आले आहेत. अशा कामाला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी फ्लँजविषयी दोन शब्द सांगतो.

फ्लँज म्हणजे पाइपाच्या तोंडाला लावलेली, बोल्टांनी आवळायची चकती. अमेरिकन ‘बी १६.५’ या मानकाप्रमाणे २४ इंची पाइपापर्यंतचे फ्लँज तयार मिळतात. तक्त्यातून योग्य फ्लँज निवडला की त्याचे गणित नव्याने मांडावे लागत नाही. वेळ व पैसा वाचतो.

मात्र ‘क्लास १५०’ म्हणजे १५० पौंड दाब, असे समजू नये. साध्या कार्बन पोलादाचा हा फ्लँज ३८ अंश सेल्सिअसला १९.६ बार दाब सोसतो, २०० अंशांना १३.८ आणि ४०० अंशांना अवघा ६.५. शिवाय हीट एक्स्चेंजरच्या गॅस्केटला मधल्या पडद्याची पट्टी असली, तर तीही बोल्टांनीच दाबावी लागते. अशा वेळी बोल्टांचा हिशेब पुन्हा तपासावा.

मुलांनो, तक्ता पाठ करू नका, वाचायला शिका. आकड्यासोबत उष्णतामान विचारा. त्या सांध्याशेजारी उभा राहणारा कामगार आपल्याच घरचा असतो.