आठवण आणि तगादा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपण अकोले तालुक्याच्या डोंगरदऱ्यांत वाढलेली माणसे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे कळसूबाईच्या अवतीभवती आहेत त्या, हा फरक मराठीच्या बाईंनी फळ्यावर दाखवला होता. पुढे मी संगणकाच्या कामात पडलो आणि हाच शब्द आडवा आला.

मागच्या स्मरणिकेचे लेख मी एका मोफत, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जुळवत होतो. ‘दऱ्या’ शोधला की निम्मेच सापडत. कारण हा अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो: साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे चिन्ह, किंवा खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे.

मी हा दोष कळवला. दोन वर्षे काहीच झाले नाही. मग दर महिन्याला लिहू लागलो, “कधी होणार?” शेवटी तर “मराठीला कुणी वाली नाही का?” असेही लिहिले. उत्तर आले नाही.

तेव्हा बाई आठवल्या. साठ वह्या त्यांच्या टेबलावर असत. “बाई, वही कधी तपासणार?” म्हटले की त्या म्हणत, “कुठे अडलास ते पान उघडून आण.”

मी पान उघडले. नव्या आवृत्तीत दोष अजून आहे का, ते आधी पाहिले. दोन ओळींची छोटी फाइल केली. काय व्हायला हवे आणि काय होते, एवढेच लिहिले. तपासून देण्याची तयारी दाखवली. आठवड्यात उत्तर आले. त्या गृहस्थांना देवनागरी वाचता येत नव्हती. दोन्ही शब्द त्यांना एकच वाटले होते. नोकरी सांभाळून, रात्री ते हे काम करत. मी पायऱ्या, वाऱ्या, सुऱ्या असे दहा शब्द पाठवले. पुढच्या आवृत्तीत दोष गेला.

तगाद्याने नुसता वेळ जात नाही. ‘एक्सझेड’ हे फाइल दाबून लहान करणारे मुक्त सॉफ्टवेअर फिनलंडचे एक गृहस्थ वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे लकडा लावला: काम हळू चालते, दुसऱ्याला सोबत घ्या. ती नावे बनावट असावीत, असे आज मानले जाते. मदतीला आलेल्याच्या हाती किल्ल्या गेल्या आणि त्यानेच आत चोरदार बसवले. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, म्हणून ते उघडकीस आले.

तेव्हा आठवण जरूर द्यावी. गप्प बसलो असतो तर माझा दोष आजही तसाच राहिला असता. पण जाताना हातात काहीतरी घेऊन जावे.

या मेळाव्याचे कार्यकर्तेही बिनपगारीच. जेवणाच्या कूपनांचे काय झाले, हे मी त्यांना चार वेळा विचारले. पाचव्या वेळी यादी घेऊन त्यांच्याशेजारी बसलो. कूपने तासाभरात झाली.