रक्तातील खूण आणि समाजाचा विवेक



रक्त तपासून आनुवंशिक रोग ओळखणे यवतमाळ जिल्ह्याला नवे नाही. सिकलसेलच्या तपासणीमुळे ‘वाहक’ हा शब्द येथे खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. आज मी मज्जासंस्थेची हळूहळू झीज करणाऱ्या आणि पुष्कळदा मध्यम वयात प्रकट होणाऱ्या आनुवंशिक विकारांविषयी बोलणार आहे.

त्यांपैकी एक आहे स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार १२. १९९९ मध्ये जर्मन वंशाच्या एका अमेरिकी कुटुंबात त्याचे जनुकीय कारण सापडले. पुढे भारतीय संशोधकांना तो प्रामुख्याने उत्तर भारतातील अग्रवाल कुटुंबांत आढळला. प्रथम हात थरथरतो, नंतर चालताना तोल जातो. माता-पित्यांपैकी एकास हा दोष असला, तरी प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. यात कलंक कसला? पूर्वजांकडून असे काही ना काही वारसे प्रत्येक समाजात उतरलेले असतात.

रक्तातून दोन निरनिराळ्या गोष्टी कळतात. जनुकीय तपासणी दोष आहे की नाही, एवढेच सांगते. झीज सुरू झाली आहे काय, याचा अंदाज दुसऱ्या खुणेवरून येतो. तिला बायोमार्कर म्हणतात. न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन मज्जातंतूचा जणू आतील सांगाडाच. तंतूला इजा झाली की ते मेंदूभोवतीच्या द्रवात आणि तेथून अत्यल्प प्रमाणात रक्तात उतरते. हंटिंग्टन रोगाचा दोष असलेल्यांत लक्षणे दिसण्यापूर्वीच ते वाढू लागते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. २०२३ मध्ये अमेरिकेत टोफरसेन या औषधाला आनुवंशिक एएलएसच्या एका प्रकारासाठी मान्यता मिळाली, ती रक्तातील हेच प्रथिन घटल्याच्या आधारावर.

मात्र वाढते वय, पक्षाघात, डोक्याला लागलेला मार यांमुळेही हे प्रथिन वाढते. एकाच नयाने वस्तूचे पूर्ण स्वरूप कळत नाही, हा अनेकान्ताचा पाठ प्रयोगशाळेच्या अहवालालाही लागू आहे.

खरी कसोटी आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांत लागेल. उद्या कोणी निरोगी तरुण-तरुणींकडे असा अहवाल मागू लागला, तर? हंटिंग्टन किंवा अटॅक्सियाचा हा प्रकार थांबवणारे औषध अद्याप नाही. म्हणून जाणून घ्यावे की नाही, हे त्या सज्ञान व्यक्तीनेच, समुपदेशन घेऊन ठरवावे. लक्षणे नसलेल्या बालकांची अशी तपासणी करू नये. मात्र ज्याला स्वतःचा दोष ठाऊक आहे, त्याने तो भावी जोडीदारापासून लपवू नये. सत्यव्रत तेच सांगते. परंतु सत्य सांगणाऱ्या घराची सोयरीक आपण मोडणार असू, तर लपवण्याचा दोष त्या एकट्या घराचा राहत नाही.

ट्रस्टला माझी नम्र विनंती आहे. परिचय-पत्रकात अशा अहवालाचा रकाना कधीही येऊ देऊ नये. नागपूरपर्यंत उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णास सोबत मिळावी, त्याची शुश्रूषा करणाऱ्या गृहिणीस आठवड्यातून चार तास विसावा मिळावा. पन्नास वर्षांच्या सेवेनंतर हे कार्य ट्रस्टला जड नाही. थरथरणारा हात हाती घेणे हीदेखील अहिंसाच आहे.

जय जिनेंद्र!