जुने वाहन आणि धूर-तपासणी

(गुंजी येथे वाहनधारकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खानापूर-लोंढा मार्गावरील आपल्या या गावाच्या एका बाजूस बेळगावची बाजारपेठ आहे, तर दुसऱ्या बाजूस अनमोड घाट आणि गोवा. अशा ठिकाणी जुनी जीप, टेंपो अथवा मोटारसायकल ही चैनीची वस्तू नव्हे. ती उपजीविकेचे साधन होय. गाडी धूर-तपासणीत नापास झाली की मालकाच्या पोटात गोळा येतो, तो यामुळेच. परंतु जुनी गाडी केवळ वयामुळे नापास होत नाही. ती नापास होते ती बिघाडामुळे. हा बिघाड ओळखून तो दूर कसा करावा, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम कायदा पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ अन्वये पहिल्या नोंदणीस एक वर्ष झाल्यानंतर प्रत्येक वाहनाजवळ वैध प्रदूषण-नियंत्रण प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. जुन्या गाड्यांसाठी त्याची मुदत सहा महिने असते. भारत स्टेज-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांसाठी एक वर्ष. हे प्रमाणपत्र संपूर्ण भारतात ग्राह्य आहे. सीमाभागातील आपणां सर्वांना ही मोठीच सोय होय. बेळगावात घेतलेले प्रमाणपत्र कोल्हापुरासही चालते आणि पणजीसही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या नियमभंगास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

जुन्या गाडीस नव्या गाडीचा निकष लावला जातो, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. ३१ मार्च २००० पूर्वी तयार झालेल्या दुचाकी-तीनचाकी गाड्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ४.५ टक्क्यांपर्यंत चालते, त्यानंतरच्या गाड्यांना ३.५ टक्के. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारींना ही मर्यादा ३ टक्के आहे. डिझेल गाड्यांच्या धुराची घनता मोजतात. भारत स्टेज-४ पूर्वीच्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज एककांची मुभा आहे, तर भारत स्टेज-४ च्या गाड्यांना ५०. म्हणजे कायद्याने वयाची सवलत दिलेली आहेच. निगेची सवलत मात्र दिलेली नाही.

आता उपायांकडे वळू. धुराचा रंग हीच इंजिनाची नाडी होय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले आहेत. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडत आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरत आहे, असे समजावे. काळ्या धुराचा इलाज पुष्कळदा स्वस्तात होतो. निळ्या धुराचा मात्र खर्चिक असतो आणि टाळल्यास वाढतच जातो.

पेट्रोल गाडीचा एअर फिल्टर स्वच्छ करावा किंवा बदलावा, प्लग तपासावा, कार्बोरेटर साफ करून घ्यावा, चोक पूर्ण बंद होतो की नाही ते पाहावे. टू-स्ट्रोक गाडीत कंपनीने सांगितल्यापेक्षा अधिक ऑइल घालू नये. डिझेल गाडीचे दोन्ही फिल्टर बदलावेत. नोझल आणि पंप जाणकाराकडून तपासून घ्यावेत. घाटात भरलेली गाडी ओढावी म्हणून पंपाचे डिझेल वाढवून घेण्याची प्रथा आहे. हे वाढीव डिझेल पुरेशा हवेअभावी पूर्ण जळत नाही. ते काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. आपण पैसे मोजून घेतलेले इंधनच आपल्या डोळ्यांदेखत हवेत उडून जाते.

तपासणीस जाताना इंजिन चांगले तापलेले असावे. गुंजीहून बेळगाव गाठेपर्यंत ते आपोआप तापते. तेथे गाडी बंद करून ती थंड होऊ देऊ नये, इतकेच पथ्य. सायलेन्सरला भोक असल्यास आधी बुजवून घ्यावे, कारण बाहेरची हवा आत शिरून मापन बिघडते.

शेवटी एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. तपासणीपुरता कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून आकडा खाली आणायचा आणि बाहेर पडताच पूर्ववत करायचा, किंवा गाडी न नेताच कागद मिळवायचा, असे मार्ग सुचवणारे भेटतात. त्याने पोलीस फसेल. फुप्फुस फसणार नाही. डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत ठरतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे. हा धूर सर्वांत आधी शिरतो तो दिवसभर स्टिअरिंगवर बसलेल्या चालकाच्या छातीत आणि थांब्यावर उभ्या असलेल्या शाळकरी मुलांच्या. ती मुले आपलीच आहेत.

तेव्हा प्रमाणपत्राची मुदत संपण्याची वाट न पाहता, पंधरा दिवस आधी गाडी मिस्त्रीकडे न्यावी. इंजिन निरोगी असेल तर प्रमाणपत्र आपोआप मिळेल. आणि वाचलेले इंधन पुढील सहा महिने आपल्याच खिशात जमा होत राहील.