पाण्याकडे जाणारी वाट

भाईंदरहून उत्तनच्या रस्त्याला लागलं, की मुर्धा, राई, मोरवा अशी गावं लागतात. मी मोरव्यात राहतो. आमच्याकडे खाडी आणि मिठागरं. हल्ली पाण्याच्या काठी काहीही नवं उभं राहायचं झालं, की आधी कुंपण पडतं. मग पाणी दिसतं ते वरच्या मजल्यावरून, पैसे मोजणाऱ्याला. म्हणून आज मी पाण्याकाठच्या अशा एका इमारतीविषयी बोलणार आहे, जिनं वाट अडवली नाही.

पणजीत कांपालला, मांडवीच्या काठी कला अकादमी आहे. आराखडा चार्ल्स कोरिया यांचा. इमारत पूर्ण झाली १९८३ साली. २००६ मध्ये कवितावाचनासाठी मी तिथं गेलो, तेव्हा अम्मी सोबत होती. तिला कवितेत रस नव्हता, नदी पाहायची होती. रस्त्यावरून आत शिरलो आणि काँक्रीटच्या मांडवाखालून चालत राहिलो. कुणी अडवलं नाही, तिकीट मागितलं नाही. दुसऱ्या टोकाला पाहतो तर मांडवी!

परतताना अम्मी दमली, सावलीत टेकली. जवळच चित्रांचं प्रदर्शन होतं. ती उठून आत गेली. साठी उलटलेली माझी आई आयुष्यात पहिल्यांदा चित्रदालनात शिरत होती. खरं सांगायचं तर कॉलेजात असताना मुंबईतल्या एका दालनाच्या काचेच्या दारापासून मीच दोनदा मागे फिरलो होतो. आपले कपडे, आपलं नाव तिथं चालेल का, असं उगीच वाटलं होतं. अम्मी एका चित्रापुढं थबकली. चित्रात बोंबील वाळत घातले होते. ती म्हणाली, ‘‘बघ रे, जबड्यात जबडा अडकवून जोडीनं टांगलेत. हा माणूस किनाऱ्यावर उभा राहिलेला आहे.’’ यापेक्षा चांगली कलासमीक्षा मी फारशी ऐकलेली नाही.

कोरियांनी हेच भोपाळला केलं. १९८२ साली उघडलेलं भारत भवन मोठ्या तलावाच्या उतारावर आहे. रस्त्यावरून इमारत फारशी दिसतच नाही. आपण वरून आत येतो आणि अंगणाअंगणांतून तलावाकडे उतरत जातो. दालनं त्या अंगणांच्या कडेला. त्यांत उजेड वरून झिरपतो. तिथं चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी आदिवासी कलावंतांची कामं शहरी चित्रकारांच्या बरोबरीनं मांडली. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांची चित्रं तिथूनच जगापुढं गेली. वाट मोकळी ठेवली, की चित्र पाहणारा येतो, तसा काढणाराही येतो.

पण पाणी फुकट काही देत नाही. मिठागराशेजारी राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही; आमच्या भिंतींना दरसाल लोणा लागतो. खारी हवा काँक्रीटमध्ये मुरते, आतली सळई गंजून फुगते आणि गिलावा सुटतो. दमट हवेत कागदावरच्या चित्राला बुरशी धरते. पाण्यावरून उसळणाऱ्या उन्हानं रंग उडतात. म्हणून चित्रं आतल्या अंगाला हवीत, बसायची जागा पाण्याच्या बाजूला. जोतं भरतीच्या वर हवं. आणि डागडुजी वर्षानुवर्षं, न कंटाळता व्हायला हवी. कला अकादमी दुरुस्तीसाठी बंद असतानाच, जुलै २०२३ मध्ये तिच्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात वास्तू पुन्हा उघडली. पण ती बातमी वाचताना घरातलंच कुणी आजारी असल्यासारखं मला वाटलं होतं.

अम्मी आता नाही. आमच्या खाडीकाठी उद्या कुणी चित्रदालन बांधायचं ठरवलं, तर माझं एकच मागणं आहे. कागदावर पहिली रेघ भिंतीची ओढू नका. रस्त्यापासून पाण्यापर्यंत जाणाऱ्या वाटेची ओढा. मासळीची पाटी घेतलेली बाई त्या वाटेनं जाता-येता दोन घटका टेकली पाहिजे. भिंतीवरचे बोंबील नीट टांगलेत की नाही, ते ती सांगेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)