पांदण, पायवाट आणि हुडकेश्वर



नकाशे काढणे हा आमचा व्यवसाय आहे, आणि व्याख्यान देणे हा खास नव्हे. तेव्हा पोटमाळ्यावरची जुनी पेटी उघडावी तसा एक नकाशाच आज आपल्यासमोर उघडतो. हा नकाशा आहे हुडकेश्वरच्या पायवाटांचा. म्हाळगीनगर चौकातून दक्षिणेला निघालेला रस्ता आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या रस्त्याला येऊन मिळणाऱ्या ज्या शेकडो लहान वाटा, त्यांचा हिशेब कोणी फारसा ठेवीत नाही.

वऱ्हाड-नागपुरात शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेला ‘पांदण’ म्हणतात. घाटाकडची मंडळी तिलाच पाणंद म्हणतात. दोन्ही बाजूंना बोरीबाभळींचे कुंपण, मध्ये बैलगाडीची चाकोरी, आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल, असे तिचे रूप. महाराष्ट्रातील गावनकाशांत गाडीमार्ग सामान्यतः तुटक अशा दुहेरी रेषेने दाखवितात आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवितात. त्याची रुंदी सव्वाआठ फूट. हे विचित्र अपूर्णांक पाहून तरुण अभियंते हसतात. परंतु ६६ फुटांच्या मोजणीच्या साखळीचा चौथा भाग केला की साडेसोळा येतात आणि आठवा केला की सव्वाआठ, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणजे ती केवळ तुटक रेषा नव्हे. तिला माप आहे, आणि माप आहे म्हणून तिला हक्कही आहे.

हा हक्क आमच्या प्रांतात आणखी एका ठिकाणी लिहिलेला सापडतो. मालगुजारी १९५१ साली गेली, परंतु तिच्या काळातील ‘वाजिब-उल-अर्ज’ हा दस्तऐवज गेला नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही तो कायम ठेवला. गावातील पाणी घेण्याची, मासे धरण्याची आणि दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्याची जी वहिवाट, तिची नोंद त्यात होते. कोणाच्या धुऱ्यावरून गावाने ये-जा करायची हे ज्या कागदात लिहिले आहे, तो कागद शहर आल्यावर कोणी वाचायचा, हा खरा प्रश्न आहे.

कारण शहर आले ते रस्त्याने आले नाही, प्लॉटांनी आले. एकाने आपल्या शेताचे तुकडे पाडले, त्याच्या शेजाऱ्याने चार वर्षांनी आपल्या शेताचे पाडले. प्रत्येकाने आपल्या धुऱ्यापर्यंत रस्ता आखला आणि तेथे थांबला. पलीकडच्याचा रस्ता दहा फूट डावीकडे निघाला. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला. हुडकेश्वर आणि नरसाळा २०१३ साली नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत आले. कायद्याने वस्ती नियमित होते, परंतु न जुळलेले दोन रस्ते त्यामुळे आपोआप जुळत नाहीत. आणि मधली जी पांदण दोन्ही शेतांना जोडीत होती, ती कोणाच्याच आराखड्यात नसल्यामुळे कोणाच्या तरी कुंपणात गेलेली असते.

येथे थोडे विषयांतर करतो. १९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते ह्याच नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांची पहिली मोठी योजना तयार केली. जगभरचे रस्तेवाले तिला ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखतात. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे आणि गावाचे असे रस्त्यांचे वर्ग तिने ठरविले. चांगल्या शेतीच्या मुलखात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे तिचे उद्दिष्ट होते. फार मोठे काम झाले ते, आणि त्याला आपल्या गावाचे नाव लागले याचा आम्हांस अभिमान आहे. पण त्या पाच मैलांतून चालत यायचे कशावरून, याचे उत्तर त्या वर्गवारीत नाही. पायवाट तिच्यात नाहीच! त्याच्याही आधी पॅट्रिक गेडिस नावाचे विद्वान १९१४ साली हिंदुस्थानात आले. त्यांनी अनेक शहरे पायी पालथी घातली आणि नागपूरविषयीही अहवाल लिहिला. आधी निदान, मग शस्त्रक्रिया, आणि तीही जपून, असा त्यांचा आग्रह असे. आमच्या मेजावर गेडिस असतात. आमच्या पायांत मात्र ते क्वचितच असतात, हे कबूल केले पाहिजे.

कबुलीजबाबाचा प्रसंग सांगतो. हुडकेश्वरच्या एका भागासाठी पायवाटांचा आराखडा आम्ही काढीत होतो. नाल्याच्या काठाने सरकारी जागा सलग मिळत होती. ना कोणाची भिंत पाडायची, ना कोणाला मोबदला द्यायचा. आम्ही तिच्यावरून एक सुंदर वळणदार वाट आखली, काठाला करंज आणि कडुनिंब लावले, बाकेही ठेवली. कागदावर ती वाट इतकी शोभली की आम्ही स्वतःवरच खूष झालो. मग एका सकाळी, घरकामास जाणाऱ्या बायांबरोबर आम्ही चाललो. त्या सर्वजणी नाल्याकडे न वळता रिकाम्या प्लॉटांतून तिरप्या निघाल्या. आम्ही विचारले, इकडून का? त्यांतल्या एका वयस्कर बाईने उत्तर दिले, “साहेब, तिकडं हाक मारली त आयकाले कोन हाये?”

आमची बाके, आमचे करंज आणि आमची सगळी वळणे त्या एका प्रश्नात वाहून गेली. सायंकाळी शिकवणीहून येणाऱ्या मुलीला निर्जन नाल्याकाठची सावली नको असते. तिला दारे, दिवे आणि माणसे हवी असतात. आम्ही जमीन मोजली होती, भीती मोजली नव्हती. आराखडा पुन्हा काढला. या वेळी आधी पाच दिवस केवळ मोजदाद केली: पहाटे, शाळेच्या वेळी, आणि दिवेलागणीनंतर कोण कोठून जाते ती.

नाल्याची वाट सोडण्याचे दुसरेही कारण होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. शहराच्या दक्षिण अंगाचे पाणी पोरा नदीकडे जाते. तिला मिळणाऱ्या नाल्यांनाही पसरायला काठ लागतो. तो काठ फरशीने बांधून टाकणे म्हणजे पाण्याच्या अंथरुणात आपण झोपणे होय. नाला ओलांडण्यासाठी मात्र रपटा हवाच. त्याच्या दोन्ही बाजूंना खुंट आणि पाण्याची उंची दाखविणारा खांब हवा, म्हणजे केव्हा थांबावे हे मुलांनाही कळेल.

बाकीचे तंत्र फार गहन नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर थेट बसविलेली फरशी दोन पावसाळ्यांत दातांसारखी वरखाली होते. म्हणून वरची काळी माती काढून मुरूम नीट दाबून भरावा, वाटेला कडेकडे उतार द्यावा आणि कडेला चर ठेवावा. इंडियन रोड्स काँग्रेसने पदपथासाठी चालण्याची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची फार तर १५० मिलिमीटर सांगितली आहे. आपल्याकडे काही कडा इतक्या उंच असतात की आजोबांना चढायला नातू लागतो. सावलीलाही आम्ही बांधकामाचेच साहित्य समजतो. ज्या गावाने मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांचा पारा पाहिला, तेथे झाड ही शोभा नव्हे.

आता अडचण राहते ती भिंतीची. नव्या आराखड्यातील वाट जुन्या पायमार्गावरूनच जाते, हे गावनकाशा लावून पाहिल्यावर आमच्या लक्षात आले. म्हणजे बाया ज्या तिरप्या वाटेने जात होत्या, ती त्यांच्या सोयीने पडलेली नव्हतीच. गाव तेथूनच चालत आले होते. परंतु एका ठिकाणी सव्वाआठ फुटांचे तीन फूट उरले आहेत, कारण एका गृहस्थाची भिंत पुढे आली आहे. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, खरेदीखत दाखविले आणि म्हणाले, “दादा, मला विकणाऱ्याने दाखविलेल्या नकाशात वाट नव्हतीच. पेन्शनीचा पैसा घातला आहे मी.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्या बाईचेही खोटे नाही. ज्याने नकाशातून रेषा वगळली, तो पैसे घेऊन केव्हाच दूर गेला आहे.

अशा वेळी थेट भिंत पाडा म्हणणारे लोक आम्हांस आवडत नाहीत, आणि जाऊ द्या म्हणणारे तर मुळीच नाहीत. पाच फूट भिंत मागे घेण्याचा खर्च वस्तीने वाटून घ्यावा, असे आम्ही सुचविले आहे. गृहस्थांनी नाही म्हटलेले नाही. सरकारी मोजणी होऊन खुणेचे दगड बसल्याशिवाय होही म्हटलेले नाही, आणि ते रास्तच आहे. मोजणीचा अर्ज दिला आहे. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही तो पायमार्ग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालणार आहोत. गावनकाशाची प्रत आमच्याजवळ असेल. ज्यांच्या घरी जुनी कागदपत्रे असतील त्यांनी ती आणावीत, आणि ज्यांची आजी त्या वाटेने विहिरीवर जात असे, त्यांनी आजीलाच आणावे. मृग लागायला आता फार दिवस नाहीत, आणि एकदा काळी माती भिजली की तेथे माणूसही उभा राहत नाही, मोजणीची काठीही नाही.