राहून गेलेला धूमकेतू आणि आकाशाचा मोठा फोटो
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'तुझ्या त्या जुन्या कॅमेऱ्यांवर दहा मिनिटं बोल' असं सांगितलंय. दहा मिनिटांत मी नुसती पिशवी उघडतो, पण प्रयत्न करतो.

जानेवारी 1986 मध्ये, आपण नववीत असताना, बाईंनी आपल्याला गच्चीवर नेऊन दुर्बिणीतून हॅलेचा धूमकेतू दाखवला होता. कापसाच्या बोळ्यासारखा पांढुरका डाग. निम्म्या वर्गाला तो दिसलाच नाही, पण 'दिसला, दिसला' म्हणून सगळे खाली आले. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, पुढचा मोठा धूमकेतू येईल तेव्हा कुणीतरी त्याचा फोटो प्रयोगशाळेला द्या. मी हात वर केला होता.

तो आला 1997 मध्ये, हेल-बॉप. साठवलेले सगळे पैसे मी एका सेकंडहँड मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यावर घातले. ट्रायपॉड उसना आणला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, अमावस्येच्या सुमारास, माळावर जाऊन तीन-तीन मिनिटांची एक्स्पोजर दिली. रोल धुऊन आला तेव्हा प्रत्येक ताऱ्याची रेघ झालेली आणि धूमकेतूच्या जागी पुसट फराटा. तो आता सुमारे अडीच हजार वर्षांनी परत येणार आहे.

माझी चूक अशी, की कॅमेरा आधी घेतला. आधी घ्यायचा असतो तो माउंट. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. 105 मिलिमीटरच्या लेन्समागे विषुववृत्ताजवळचा तारा चार सेकंदांत फिल्मवर 30 मायक्रॉन सरकतो, आणि तेवढी रेघसुद्धा मोठ्या प्रिंटवर डोळ्यात भरते. मी दिली होती तीन मिनिटं!

महागडा माउंट परवडत नसेल तर दोन फळ्या, एक बिजागरी आणि 1 मिलिमीटर आट्यांचा एम-6 बोल्ट घ्या. बिजागरीपासून 228.6 मिलिमीटरवर बोल्ट बसवा, बिजागरीचा अक्ष आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखा, आणि बोल्ट मिनिटाला एक फेरा फिरवा. हाताने दर 15 सेकंदांनी पाव फेरा दिला तर रुंद लेन्सला चालतं. 105च्या लेन्सला मात्र तेवढ्या वेळात मिलिमीटरच्या दशांशाहून मोठी रेघ उमटते, म्हणून मिनिटाला एक फेरा देणारी छोटी मोटर लावा. बोल्ट सरळ असल्याने चूक हळूहळू साठते. दहा मिनिटांपर्यंत ती कळत नाही, विसाव्या मिनिटाला कळते. आपल्याकडे ध्रुवतारा जेमतेम 18-19 अंश वर असतो, म्हणजे उत्तरेला झाड किंवा डोंगर नको. जागा दिवसाच बघून ठेवा.

'एवढी खटपट करून फिल्मच मोठी कशाला?' असं मला घरीही विचारतात. 35 मिलिमीटर कॅमेऱ्यात 50ची लेन्स जेवढं आकाश पकडते, साधारण तेवढंच 6×7 कॅमेऱ्यात 105ची पकडते: अंदाजे 30 बाय 37 अंश, अख्खा मृग आरामात. पण एफ-4ला पहिल्या लेन्सचं तोंड साडेबारा मिलिमीटर, दुसरीचं 26. ताऱ्यासारख्या बिंदूच्या बाबतीत हा व्यास महत्त्वाचा, म्हणून मंद तारे जास्त उमटतात. शिवाय फिल्मचं क्षेत्रफळ साडेचारपट, त्यामुळे मोठ्या प्रिंटवर रवा कमी दिसतो.

आता कॅमेरा. शटर बराच वेळ उघडं राहिलं की त्याचं काम झालं, म्हणून मी यांत्रिक शटरच सुचवतो. पेंटॅक्स 67ला लेन्स सुंदर आहेत, पण शटर इलेक्ट्रॉनिक, बॅटरीवर चालणारं. मामिया आरबी 67 पूर्ण यांत्रिक, लेन्सवर 'टी'ची खूणही आहे, मात्र वजन अडीच किलोच्या घरात. फळ्या जाड घ्या! नवशिक्याला मी स्टुडिओवाल्यांचा तो दोन डोळ्यांचा याशिका-मॅट सांगेन. त्यात हलणारा आरसा नाही, 'बी'वर ठेवून लॉकवाली केबल लावली की झालं. कुठलीही लेन्स पूर्ण उघडी ठेवू नका. एक-दोन स्टॉप बंद केल्याशिवाय कोपऱ्यातले तारे गोल येत नाहीत.

फिल्म निवडताना नुसता वेग पाहू नका. फूजीच्या अॅक्रॉसला दोन मिनिटांच्या एक्स्पोजरपर्यंत भरपाई लागत नाही, पण तेजोमेघांचा 656 नॅनोमीटरचा लाल प्रकाश तिला जवळजवळ दिसतच नाही. त्यासाठी मी कोडॅकची ई-100 वापरतो. पहिली फ्रेम दिवसाउजेडी काढा. नाहीतर काळ्या फिल्मवर फ्रेम कुठे संपते ते लॅबवाल्याला कळत नाही आणि कात्री बरोबर मृगाच्या कमरेवर चालते. माझ्या दोन गेल्या.

आणि दव. पावसाळ्यानंतरच्या रात्री लेन्स दर वीस मिनिटांनी बॅटरीच्या उजेडात तिरकी धरून बघा. दमट हवेत 120ची फिल्मही मध्ये फुगते आणि एका बाजूचे तारे मऊ होतात. म्हणून एकच चौकट मी तीनदा तरी घेतो. 6×7च्या रोलमध्ये दहाच फोटो, तेव्हा एका रात्रीत तीन विषय झाले की मी खूश असतो.

बाई, धूमकेतू तुम्हाला देता आला नाही. प्रयोगशाळेसाठी मृगाची प्रिंट आणली आहे, तीन फूट रुंद, त्याच माळावरून काढलेली. मूळ फिल्म मागच्या टेबलावर लाइटबॉक्सवर ठेवली आहे. भिंगातून जरूर बघा, पण चहाचे कप लांब ठेवा आणि बोट लावू नका.