मधमाशीचा फोटो कशाला काढायचा?

गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, शेळीपालन यावर बोलतो. आज मधमाशीवर बोलू, आणि तिच्या फोटोंवर. फोटोनं काय पोट भरतं, असं कुणाच्या मनात येईल. पण जरा ऐका.

चीनमध्ये सिचुआन प्रांतात हानयुआन नावाचा भाग आहे. तिथं नाशपातीच्या बागा आहेत. तिथले फोटो जगभर गाजले. बायामाणसं झाडावर चढलीत, हातात काठी, काठीला पिसं बांधलेली, आणि एकेका फुलाला पराग लावणं चाललंय. औषधांच्या फवारण्या वाढल्या, माश्या राहिल्या नाहीत. मग माशीचं काम माणसाच्या गळ्यात आलं.

आपल्याला हे नवं आहे का? लातूर-नांदेडकडं सूर्यफूल जोरात होतं तेव्हाचं आठवा. सकाळी आठ ते अकरा, हाताला मऊ कापड गुंडाळून फुलावरून अलगद फिरवायचं, नाहीतर दाणे पोचट राहतात, असं शेतीतज्ज्ञ सांगायचे, अजूनही सांगतात. हे काम येतं कुणाच्या वाट्याला? बायांच्याच. माशी तेच काम फुकट करते. परसबागेतलं घ्या. भोपळा, दोडका, काकडी यांना नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. माशी फिरली नाही तर बारकं फळ पिवळं पडून गळतं. आपण म्हणतो, वेलच वांझ.

आनंद वर्मा नावाचे फोटोग्राफर अमेरिकेत आहेत. त्यांनी घराच्या मागं मधमाश्या पाळल्या आणि पोळ्याच्या घरातल्या अंड्यापासून माशी होईपर्यंतच्या 21 दिवसांचे फोटो घेतले. 2015 साली ते लोकांपुढं आले. अळी कशी वाढते, डोळ्यांना रंग कसा येतो, सगळं दिसतं. आणि त्या बाळमाशीच्या अंगावर पळणारे, तिला पोखरणारे बारीक कीडेही दिसतात. माशी नुसती चावरी नाही, तिलाही लेकरं आहेत, दुखणी आहेत, हे फोटो बघितल्यावर उमगतं.

2021 साली 20 मे रोजी, जागतिक मधमाशी दिनाला, अँजेलिना जोली या नटीचा एक फोटो आला. तोंडावर, खांद्यावर माश्या बसल्यात आणि ती 18 मिनिटं स्तब्ध उभी. तो फोटो डॅन विंटर्स यांनी काढला. त्यामागं युनेस्कोचा एक उपक्रम होता, बायांना मधमाशीपालन शिकवायचा. मात्र त्या पाळीव माश्या होत्या आणि जाणकार जवळ होते. आपल्या आग्या मोहोळाजवळ कुणी असलं धाडस करू नका. आग्या जीव घेतो.

आपल्याकडं माशी कमी का होतेय? तूर फुलात असताना फवारणी होते. बांधावरची बोर, बाभूळ, कडुनिंब तुटतात. मोहोळ दिसलं की पलिता लावून जाळतात, मधासाठी पिल्लांसकट पोळं पिळतात.

म्हणून माझं सांगणं असं. प्रत्येक गटात एक तरी कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. आठवड्यातून एकदा सकाळी फुलावरच्या माशीचा फोटो काढा. कोणतं फूल, कोणतं शेत, कोणता दिवस, हे वहीत लिहा. फवारणीनंतर बांधावर मेलेल्या माश्या दिसल्या तर त्याचाही फोटो घ्या. वर्षभराचे फोटो 20 मेला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. बाई नुसती बोलली तर घरातला माणूस ऐकून सोडून देतो. स्वतःच्याच बांधावरचा फोटो समोर आला की थांबतो.

तेव्हा त्याला दोन गोष्टी सांगा. पीक फुलात असताना शक्यतो फवारणी नको. करायचीच झाली तर माश्या परतल्यावर, सांज झाल्यावर करा. आणि उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवा, उन्हाळ्यात माशीलाही तहान लागते.

कुणाला पेट्या ठेवायच्या असतील तर आधी शिका. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. सातारा जिल्ह्यातलं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव झालं. पण तिथं डोंगर, रान आहे. आपल्याकडं बारा महिने फुलं कुठं मिळतील, हे आधी बघावं लागेल. ते तुमच्या फोटोंच्या वहीतूनच कळेल.

पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीशेजारी ही वही ठेवा.